लसणाचा वास आणि त्रेचाळीस शास्त्रज्ञ

“हे बघा काका, म्हशीला खोकला झालाय, एवढंच सांगा. गोठ्यात धूर होतो हे सांगू नका. धूर म्हणालात की यंत्र तुम्हाला हवेच्या शास्त्रज्ञाकडे पाठवणार, आणि तो म्हणणार, म्हशीचं माझ्याकडे काय काम?”

“पण बाई, धुरानंच खोकतीया ती.”

“मला कळतंय हो! यंत्राला कळत नाही. म्हैस म्हणा, खोकला म्हणा आणि गप्प बसा.”

सकाळी सात ते दुपारी एक एवढ्या वेळात प्राजक्ता मगदूम असलं काहीतरी निदान चाळीस वेळा तरी बोलायची. तालुक्याच्या विज्ञान सेवा केंद्रात प्रश्न नोंदवायच्या खिडकीवर ती बसायची. योजना चांगली होती, नाही असं नाही. कुणीही उठावं, प्रश्न विचारावा आणि सरकारी शास्त्रज्ञानं फुकट उत्तर द्यावं, गरज पडली तर घरी येऊन द्यावं. पण लोक ते लोकच. खगोलशास्त्रज्ञापुढे मुलीची पत्रिका ठेवायचे, कीटकशास्त्रज्ञाला ढेकणाचं औषध मागायचे. शास्त्रज्ञ वैतागले आणि मग हे वाटपाचं यंत्र आलं. खिडकीवरची मंडळी त्याला वाटप्या म्हणायची.

वाटप्यात आधीचे चाळीस लाख प्रश्न भरले होते आणि प्रत्येकाचं उत्तर शेवटी कुणी दिलं तेही भरलं होतं. त्यावरून तो शिकला. नवा प्रश्न आला की तो त्रेचाळीस प्रकारच्या शास्त्रज्ञांना गुण द्यायचा. मातीवाल्याला इतके, पाण्यावाल्याला इतके, बुरशीवाल्याला इतके. ज्याचे गुण जास्त त्याच्याकडे प्रश्न जायचा आणि बाकी बेचाळीस जणांचे गुण तिथल्या तिथे पुसले जायचे. एक प्रश्न, एक शास्त्रज्ञ, असा फलकच होता भिंतीवर.

पाच वर्षांत यंत्र शहाणं झालं आणि शास्त्रज्ञ बिघडले. पूर्वी झाडाचा माणूस झाड बघताना निदान खाली मातीकडे तरी बघायचा. आता तो ‘उर्वरित बाब विषयाबाहेर’ असं लिहायचा आणि लवकर आटोपलं म्हणून शाबासकी घेऊन निघून जायचा. प्राजक्ताला हे सगळं दिसत होतं. पण आपलं काय जातंय, असं म्हणून तिनंही कधी तोंड उघडलं नव्हतं.

तिचं सासर कृष्णाकाठच्या नांदोळीचं. घर जैनांचं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. प्राजक्ता मिरजेच्या जाधवांची, तिच्या माहेरी लसणाशिवाय फोडणीच होत नसे. अभिनंदनशी लग्न करताना तिनं आपणहून सगळं सोडलं. सासू राजाक्का बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चारचौघींत सांगायच्या, “माझ्या सुनंनं सोडलं. मी एका शब्दानं सांगितलं न्हवतं.” अकरा वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी पारा सत्तेचाळीसला टेकला आणि सरकारनं जिवंत कौलं वाटली. सच्छिद्र मातीची कमी भाजलेली कौलं, दोन्ही अंगांनी बुरशी आणि शेवाळाचा पातळ थर. हा थर रात्री हवेतली ओल पिऊन ठेवायचा आणि दुपारी तापला की हळूहळू सोडायचा. खालची खोली नऊ अंशांनी गार राहायची. तालुक्यात अकरा हजार घरांवर ही कौलं चढली. राजाक्का दुपारी एक ते पाच माजघराच्या आतल्या खोलीत दार लावून पडायच्या आणि सरकारला दुवा द्यायच्या.

मग यंदा चैत्रात एके दुपारी त्या दार उघडून स्वयंपाकघरात आल्या.

“काय फोडणी घातलीयास?”

“आत्ता? तीन वाजता? काही नाही, आई. मी तर कपड्यांच्या घड्या घालतेय.”

“लसणाचा वास येतोय.”

प्राजक्ता हसली. तिथंच चुकलं. राजाक्कांना ते हसणं लागलं. दुसऱ्या दिवशी परत तीन वाजता वास, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी फडताळातले डबे उघडून हुंगले. प्राजक्ता बघत उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आई, मी लसूण आणला असता तर तुम्हाला सांगून आणला असता. चोरून कशाला खाऊ?”

“मी कुठं काय म्हटलं?” राजाक्का म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या हातचं जेवण सोडलं. स्वतःपुरती मुगाची खिचडी टाकायच्या, तीही अर्धी तशीच ठेवायच्या.

डोक्याला ताप असा, की वास खरा होता. प्राजक्तानं स्वतः त्या खोलीत जाऊन घेतला होता. ठेचलेल्या लसणाचा वास. घरात लसणाची पाकळी नाही आणि वास मात्र पक्का. ती भिंती हुंगत फिरली, पलंगाखाली वाकली, शेवटी पंख्यावर काठी आपटली.

महिन्याभरात राजाक्कांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मळमळ, डोकेदुखी, उठताना तोल जाणं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “वय झालंय, ऊन आहे, जेवण नाही. जेवायला घाला त्यांना.” हे ते प्राजक्ताकडे बघून म्हणाले.

*

प्राजक्तानं आपल्याच खिडकीवर प्रश्न नोंदवला. ‘सासूबाईंना रोज दुपारी घरात लसणाचा वास येतो.’ वाटप्यानं तो मानसशास्त्रज्ञाकडे पाठवला. मानसशास्त्रज्ञ बाई आल्या, राजाक्कांसमोर बसल्या आणि गोड आवाजात विचारलं, “आजी, तुम्हाला आणखी कशाकशाचे वास येतात?”

“मला येडी ठरवायला माणूस आणलंयास?” राजाक्का सुनेवर कडाडल्या. त्या दिवशी त्यांनी खिचडीही टाकली नाही.

प्राजक्तानं सासूबाई हा शब्द काढून टाकला. ‘घरात लसणाचा वास येतो.’ आता वनस्पतिशास्त्रज्ञ आले. परसातली गुलबाक्षी बघितली, कढीपत्ता बघितला, शेजारच्या आवारातली घाणेरीची जाळी खाली वाकून तपासली. लसूणवर्गीय वनस्पती आढळली नाही, असं लिहिलं. प्राजक्ता म्हणाली, “अहो, वास घरात येतो. घरात तर या!” ते म्हणाले, “घरात वनस्पती आहे का?”

रसायनशास्त्रज्ञ डॉ. तांबोळी वायू मोजायचं यंत्र घेऊन आले ते सकाळी दहाला. सगळी दारं उघडी, वारा वाहतोय, कौलं अजून गार. वायू आढळला नाही.

“वास तीनला येतो हो साहेब. तीनला या.”

“एकनंतर बाहेरचं काम बंद असतं, उन्हाचा नियम आहे. तुम्ही केंद्रातल्याच ना? मग तुम्हाला माहीत पाहिजे.”

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. कुरणे बाईंनी कौलावरचा थर खरवडून नेला. थर निर्धोक होता, तसा प्रयोगशाळेचा दाखलाही होता. भूशास्त्रज्ञ डॉ. आठल्ये सगळ्यांत म्हातारे. त्यांनी कौलाचा तुकडा तोडला आणि चक्क जीभ लावून बघितली. दगडमातीवाल्यांची ती जुनी खोड, ओल्या दगडाचे कण नीट दिसतात म्हणे.

“तळ्याच्या गाळाची माती,” ते म्हणाले. “हिच्यात थोडा सोमल असतो.”

“सोमल? म्हणजे विष?”

“असतोच बऱ्याच मातीत. पाण्यात उतरत नाही, मातीला घट्ट धरून असतो. मर्यादेत आहे. मी जीभ लावली ना? माझ्या बाजूनं कौल उत्तम.”

पाच अहवाल आणि पाचही बरोबर. प्राजक्तानं ते जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि कपाळाला हात लावला. प्रत्येकाच्या तळाशी तेच वाक्य होतं, उर्वरित बाब विषयाबाहेर. अरे, मग ही उर्वरित बाब राहते कुठं? कुणाच्या विषयात मरायचं माणसानं?

त्या आठवड्यात राजाक्का न्हाणीघराच्या दारात पडल्या. पायाखाली जमीन आहे हेच त्यांना कळलं नाही. हाड वाचलं, पण अभिनंदन घाबरला. संध्याकाळी तो बायकोला अंगणात घेऊन गेला आणि चपलेनं माती उकरत म्हणाला, “तू पंधरा दिवस मिरजेला जाऊन येतेस का? म्हणजे, एक प्रयोग म्हणून. तू नसताना वास आला तर आईचा संशय फिटेल.”

“आणि तेवढ्या पंधरा दिवसांत त्या खोलीत आईंचं काही बरंवाईट झालं तर? कुणाचा संशय फेडत बसशील?”

“मग मी करू काय, प्राजक्ता?”

“काही करू नकोस! तुम्ही सगळे काही करू नका. त्या खोलीत रोज काहीतरी होतंय, त्या रोज त्यात चार तास पडतात, आणि तुला पडलंय मी लसूण खाल्ला की नाही. त्यांना आजपासून पडवीत झोपव.”

पडवीत बेचाळीस अंश होतं. राजाक्का एक दुपार तिथं तळमळल्या आणि दुसऱ्या दिवशी हट्टानं आत गेल्या. “माझ्या घरातनं मला भाईर काढतीस व्हय?” त्यांनी आतून कडी घातली. प्राजक्ता दाराबाहेर उभी राहून दार ठोठावत राहिली.

*

वाटप्याला काय सांगितलं की तो काय करतो, हे तालुक्यात प्राजक्ताएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. उन्हाचा नियम फक्त तातडीच्या प्रश्नाला शिथिल व्हायचा, आणि तातडी ओळखायचे शब्द तिला पाठ होते. दुसऱ्या दिवशी बाराला तिनं एकामागून एक तीन प्रश्न नोंदवले, तीन वेगवेगळ्या नावांनी, पत्ता एकच. ‘घराखालची जमीन रोज दुपारी तीनला हादरते, भिंतीला तडा गेलाय.’ ‘रोज दुपारी तीनला घरात विषारी वायू पसरतो.’ ‘एकाच घरात तिघांना एकदम उलट्या, साथीची शंका.’ पहिलं धडधडीत खोटं, तिसरं दोन तृतीयांश खोटं. नोकरी गेली तर गेली.

पावणेतीनला तीन गाड्या दारात उभ्या राहिल्या. आठल्ये, तांबोळी आणि कुरणे बाई एकमेकांकडे बघत उतरले.

“तुम्ही इथं कसे? हा माझा प्रश्न आहे.”

“तुमचा कसा? साथ आहे इथं.”

“कसली साथ? भूकंप आहे.”

“आत या, सगळं आहे,” प्राजक्ता म्हणाली. तिनं तिघांना आतल्या खोलीत नेलं, राजाक्कांच्या पलंगासमोर तीन खुर्च्या मांडल्या होत्या तिथं बसवलं, दार लावलं, खिडकी लावली आणि स्वतः दाराला पाठ टेकून उभी राहिली.

“भूकंप नाही. साथ नाही. खोटं बोलले, हवी ती तक्रार करा. पण वास येईपर्यंत इथून कुणीही उठायचं नाही.”

“हा काय प्रकार आहे?” तांबोळी उठायला लागले.

“बसा म्हटलं ना!” ती इतक्या जोरात ओरडली की राजाक्काही उठून बसल्या. “माझी सासू दोन महिने या वासात झोपते. तुम्हाला अर्धा तास बसवत नाही?”

तांबोळी बसले. पाच मिनिटं गेली. कुरणे बाईंनी रुमालानं मान पुसली. आठल्ये छताकडे बघत होते. राजाक्का पदर सावरून परक्या माणसांसमोर अवघडून बसल्या होत्या. तीन वाजून दहा मिनिटांनी कौलांच्या आतल्या बाजूला ओल दिसायला लागली आणि खोली गार होऊ लागली. तीन वाजून वीस मिनिटांनी तांबोळींनी नाक वर केलं.

“लसूण,” ते म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं, वर धरलं आणि आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. “आठल्ये, या मातीत काय आहे म्हणालात?”

“मी कुठं काही म्हणालो तुम्हाला? तुम्ही विचारलंच नाही. सोमल आहे. पण तो उतरत नाही.”

“पाण्यात उतरत नाही!” कुरणे बाई खुर्चीवरून उठल्याच. “पण बुरशी? अहो, काही बुरश्यांना सोमल सोसत नाही. त्या त्याचा वायू करून हवेत सोडतात. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. दीडशे वर्षांपूर्वी युरोपात हिरव्या कागदानं भिंती मढवायचे, त्या रंगात सोमल असायचा. भिंतीला ओल आली, बुरशी धरली आणि घरातली माणसं आजारी पडली. त्या वायूला लसणाचा वास येतो.”

“मग तुम्ही दाखला कसा दिलात?” आठल्ये म्हणाले.

“आम्ही बुरशी काचेवर वाढवून तपासली. काचेत सोमल नसतो. आणि मातीत खोल शिरायलाही तिला दोन वर्षं लागली असणार. माती कुठली वापरणार, हे आम्हाला कुणी सांगितलं?”

“आणि मी आलो ते सकाळी,” तांबोळी पुटपुटले. “कौलं गार आणि दारं उघडी असताना.”

मग तिघंही एकदम बोलायला लागले. कुणी कुणाला कळवायला हवं होतं, नियम कुठला, अहवालाचा रकाना कुठला. प्राजक्तानं ऐकून ऐकून दार धाडकन उघडलं. “भांडण अंगणात करा. आधी यांना उचला.”

राजाक्कांना उचलताना कुरणे बाई त्यांच्या तोंडाजवळ वाकल्या आणि क्षणभर थांबल्या. “आजी, तुमच्या श्वासालाही तोच वास येतोय. वायू अंगात भिनलाय तुमच्या.”

जन्मात ज्या बाईनं लसणाला हात लावला नव्हता, तिनं तोंडावर पदर धरला. गाडीत बसेपर्यंत त्या सुनेच्या दंडाला घट्ट धरून होत्या.

*

लघवीत सोमल निघाला. सलाईन झालं, औषधं झाली. वेळेत आणलंत, पंधरा दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. नांदोळीच्या घरावरची कौलं उतरवून साधा पत्रा घातला. राजाक्का काठी घेऊन चालायला लागल्या. पायांची बधिरता पूर्ण जाईल की नाही, ते कुणी सांगत नव्हतं.

प्राजक्ताला केंद्रप्रमुखांनी बोलावलं. खोट्या नोंदींबद्दल नोटीस तयार होती, तीच त्यांनी वर ठेवली होती. खाली दुसरा कागद होता.

“आपण जुने प्रश्न शोधले. लसणाच्या वासाची तक्रार तालुक्यात सदतीस घरांतून आलेली आहे. सदतीस घरांची कौलं शासन बदलून देणार.”

“आणि बाकी अकरा हजार?”

“त्यांची तक्रार नाही.”

“अहो साहेब, कौल तेच आहे, माती तीच आहे!”

“मॅडम, प्रश्न आल्याशिवाय शास्त्रज्ञ जात नाही. पद्धत आहे. नियमाबाहेर मी कसा जाऊ?”

प्राजक्तानं सदतीस नावं वाचली. त्यातल्या एकवीस घरांचे प्रश्न तिनंच आपल्या हातानं नोंदवले होते, ‘स्वयंपाकघराचा वास’ अशी सूचना जोडून. तिला स्वतःचीच चीड आली. घरी येऊन तिनं तो कागद पडवीत राजाक्कांपुढे टाकला आणि त्यांच्या शेजारी बसून रडली.

राजाक्कांनी चष्मा लावला. यादीवरून बोट फिरवत एकेक नाव मोठ्यानं वाचलं. चौगुले, उपाध्ये, पाटील, खोत, बिरनाळे.

“ही तर सगळी आपलीच माणसं गं. बस्तीतली.”

“मग?”

“मग काय? ज्यांच्या घरात रोज लसूण शिजतोय, त्यांना वास कसा कळणार? त्यांना वाटत असंल, आपलीच फोडणी.” राजाक्का काठी घेऊन उठल्या. “मालनच्या नातवाचं पोट दुखतंय म्हणत होती. चल.”

मालन साळोखे समोरच्या, तसल्याच कौलांच्या घरात राहायची. चाळीस वर्षांचा शेजार, पण राजाक्का तिच्या पडवीच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. पाणीसुद्धा त्या पायरीवर बसून प्यायच्या. मालननं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नव्हतं, निदान तसं बोलून दाखवलं नव्हतं.

“मालन, आज दिवसभर लसूण सोलू नकोस. उद्याही न्हाई. उद्या तीनला मी येणार.”

“कुठं येणार?”

“तुझ्या घरात. आत.”

“काय झालंय काय राजाक्का?”

“सुनंवर आळ घेतला मी,” राजाक्का स्पष्ट म्हणाल्या, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “वास खरा होता आणि दोष तिला लावला. ती जिद्दीची, म्हणून मी वाचले. आता तुझ्या घरात काय आहे ते बघायचंय.”

प्राजक्ता मागं उभी होती. तिला सासूचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण पुढं होऊन तिनं त्यांच्या कोपराला आधार दिला.

दुसऱ्या दिवशी तीनला त्या दोघी मालनच्या आतल्या खोलीत गेल्या. राजाक्कांना जास्त वेळ बसू द्यायचं नव्हतं म्हणून प्राजक्तानं घड्याळ हातात धरलं होतं. कोपऱ्यात मालनचा चार वर्षांचा नातू पोटाशी पाय घेऊन झोपला होता. दार लावलं. कौलांना ओल सुटली. राजाक्का मालनच्या तोंडाकडे बघत बसल्या.

मालननं एकदा श्वास घेतला, परत एकदा घेतला. तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं, मग आपले दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगले.

“राजाक्का,” ती म्हणाली, आणि झोपलेल्या पोराला तिनं झटक्यात उचललं, “मी तर कालपास्नं लसूण सोललाच न्हाई.”